वेगळ्या बांध्यासाठी सायकल फिटिंग

सायकल फिटिंग म्हणजे सीट, पेडल आणि हँडल यांच्या जागा चालवणाऱ्याच्या अंगाला बेतून घेणे. सायकलपटू याला 'बाइक फिट' म्हणतात, पण मराठीत बाइक म्हटले की मोटरसायकलच डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे पहिलाच शब्द वापरला आहे. शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकते : तळपाय, बैठक आणि हात. या तीन जागांमधली अंतरे ठरवणे एवढेच खरे काम. बांधा सर्वसाधारण असेल, तर तयार फ्रेमवर थोड्या फेरफारात ते साधते. धडाच्या मानाने पाय फार लांब किंवा आखूड, मांडीचे हाड लांब, हात तोकडे, दोन पायांच्या लांबीत फरक, असे काही असले की तयार मापे हुकतात.

घोटाळ्याचे मूळ बहुधा उंचीत असते, कारण फ्रेमच्या आकाराचे तक्ते उंचीवरूनच बनवलेले असतात. १७५ सेंमी उंचीची दोन माणसे घेऊ. एकाच्या पायाची आतली लांबी ७८ सेंमी, दुसऱ्याची ८६. तक्ता दोघांना एकच फ्रेम देतो. प्रत्यक्षात त्यांच्या सीटच्या उंचीत सुमारे ७ सेंमीचा फरक पडतो, आणि ज्याचे पाय लांब त्याचे धड तेवढेच आखूड असल्याने त्याला हँडल उंच आणि जवळ हवे असते. पहिल्याला नेमके उलटे.

पायाची आतली लांबी मोजताना शिंप्याचे माप चालत नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जाडसर पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्याइतका दाब येईपर्यंत वर ओढायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की बीबीच्या, म्हणजे क्रँक (पेडलची दांडी) ज्याच्याभोवती फिरते त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले. हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये मांडलेले माप वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोहोचते : पेडल तळाला असताना त्याच्यापासून सीटपर्यंतचे अंतर आतल्या लांबीच्या १०९ टक्के. दोन्ही सूत्रांत पावलाची लांबी नाही, टाच उचलून पेडल मारण्याची सवय नाही, मांडी आणि नडगी यांचे प्रमाणही नाही. वेगळ्या बांध्यासाठी ती सुरुवातीपुरतीच घ्यावीत. गुडघ्याचा कोन पाहणे जास्त भरवशाचे. पेडल तळाशी असताना पाय पूर्ण सरळ न होता गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटे हँडलपर्यंत पोहोचतात का पाहण्याची जुनी युक्ती तर अशा माणसाने विसरूनच जावी, कारण ज्या हाताचे प्रमाण चुकलेले आहे तोच हात तिथे फूटपट्टी होतो.

फेरफारांचा क्रम महत्त्वाचा. आधी पाय आणि सीट, हँडल सर्वांत शेवटी. हँडल लांब वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्याने हातांची सोय होते आणि गुडघ्यांची जागा बिघडते.

मांडीचे हाड लांब असणाऱ्याला सीट मागे लागते. तयार फ्रेममध्ये सीटच्या नळीचा कोन बहुधा ७२ ते ७४ अंश असतो आणि सीट रुळांवर पार मागे ढकलूनही काही जणांना पुरत नाही. तेव्हा माथा मागे झुकलेला सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बसवतात. त्याने आणखी २०-२५ मिमी मिळतात. सीट १० मिमी मागे नेली की ती बीबीपासून सुमारे ३ मिमी लांब जाते, म्हणून तेवढी खाली घ्यावी लागते. किती मागे, हे ठरवण्यासाठी क्रँक आडवी असताना गुडघ्यापासून ओळंबा सोडून तो पेडलच्या आसावर पडतो का, ते पाहण्याची पद्धत आहे. सायकल-रचनाकार कीथ बोन्ट्रागर यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप बिनतोड आहे : पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीत गुडघा पेडलच्या वर कधीच येत नाही, तरी ती उत्तम चालते. समतोलाची कसोटी त्याहून बरी. जोराने पेडल मारत असताना हँडलवरचे हात क्षणभर उचलले तर अंग पुढे कोसळू नये.

क्रँकची लांबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि आखूड पायांच्या माणसाला खरा फायदा इथेच होतो. तयार सायकलींवर १६५ ते १७५ मिमीच्या क्रँक असतात. आतली लांबी ८५ सेंमी असणाऱ्यासाठी १७० मिमी म्हणजे पायाचा पाचवा हिस्सा. ७० सेंमीवाल्यासाठी तीच क्रँक जवळपास चौथा हिस्सा होते, आणि पेडल माथ्यावर आले की त्याचा गुडघा छातीकडे चढतो. १५५ मिमीची क्रँक लावली तर तळाशी पाय तेवढाच पोहोचावा म्हणून सीट १५ मिमी वर घ्यावी लागते. पेडल माथ्यावर १५ मिमी कमी चढते आणि सीट १५ मिमी उंच झालेली असते, म्हणजे गुडघ्याला एकूण ३० मिमी मोकळीक. सीटबरोबर हँडलही उचलावे लागते, हे मात्र बरेच जण विसरतात.

आखूड क्रँकने ताकद घटते, ही भीती फारशी खरी नाही. मार्टिन आणि स्पिर्डुसो या संशोधकांनी २००१ मध्ये १२० ते २२० मिमीपर्यंतच्या पाच क्रँक तपासल्या तेव्हा कमाल शक्तीत फरक पडला तो सुमारे ४ टक्क्यांचा, तोही दोन टोकांना. तरफ आखूड झाल्याने पायाला गिअर जड लागतो. १७० वरून १५५ वर आल्यास सुमारे ९ टक्के हलका गिअर घ्यावा, की झाले.

वरच्या अंगाचा प्रश्न स्टॅक आणि रीच या दोन मापांनी सुटतो : बीबीपासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीच्या, माथ्यापर्यंतची उभी आणि आडवी अंतरे. लांब पाय व आखूड धड असेल तर स्टॅक जास्त, रीच कमी. आखूड पाय व लांब धड असेल तर उतरत्या वरच्या नळीची लांब फ्रेम, म्हणजे उभे राहताना नळी जांघेला लागत नाही. धड लांब आणि हात तोकडे असतील तर दोन्हींची बेरीज सरासरीत बसते आणि तक्ता पुन्हा फसवतो. अशा माणसाला हँडल गाठायला पाठ फार वाकवावी लागते, तेव्हा हँडल वर आणावे. स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, १० मिमीचा स्पेसर (कडे) घातला की हँडल वर येताना सुमारे ३ मिमी जवळही येते, कारण नळी तिरकी असते. स्पेसर किती चालतील याला निर्मात्याने मर्यादा दिलेली असते, आणि कार्बनच्या नळीवर ती ओलांडू नये. सीटपोस्टवरच्या किमान खोलीच्या खुणेलाही हाच नियम.

बुटक्या लोकांसाठीच्या फ्रेममध्ये एक लबाडी दडलेली असते. सीटची नळी उभी केली की वरच्या नळीचे माप कागदावर छोटे दिसते, पण गुडघ्यासाठी सीट मागे न्यावी लागते आणि हँडल होते तितकेच लांब राहते. मोठ्या पुढच्या चाकामुळे वळताना पायाचा चवडा चाकाला घासतो, ते वेगळेच. जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या सायकलींत पुढचे चाक २४ इंची करून दोन्ही अडचणी मुळातूनच सोडवल्या. दिसायला विचित्र, पण प्रामाणिक उत्तर.

दोन पायांत फरक असेल तर तो हाडाचा आहे की कंबर तिरकी बसल्याने भासतो, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून आधी ठरवून घ्यावे. हाडाचा असल्यास आखूड पायाच्या क्लीटखाली, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्टीखाली, पातळ चकत्या घालतात. फरक एकदम पूर्ण भरून काढत नाहीत, कारण शरीराने त्याच्याशी वर्षानुवर्षे जुळवून घेतलेले असते. चकत्यांचा थर वाढला की पाय डगमगतो, मग बुटाचा तळच जाड करून घेतात. एक गुडघा पुरेसा वाकत नसेल तर त्याच बाजूला आखूड क्रँक बसवता येते.

शर्यतींच्या नियमांनाही बांध्याची दखल घ्यावी लागली. यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार अनेक वर्षे सीटचे टोक बीबीच्या किमान ५ सेंमी मागे असावे लागे. शरीररचनेचे कारण दाखवले तर सूट मिळे. २०२३ पासून टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी लढायच्या शर्यतीत, हँडलची पुढची मर्यादा उंचीच्या तीन गटांनुसार ठरते. तिथेही मोजपट्टी उंचीचीच, हातांची नाही.