डॉक्टरच्या चिठ्ठीतली बीडी-टीडीएस आली कुठून

आमच्याकडे मंगळवारचा बाजार असतो अन् त्या दिवशी आमच्या मेडिकलवर जी गर्दी होते ती पाच वाजेपर्यंत हटत नाही. मागे एका बाजारी एक म्हातारबा नातवाला घेऊन आले, नातू सातवी-आठवीतला, त्यानं रस्त्यात चिठ्ठी वाचून आजोबाला सांगून टाकलेलं की याच्यात बीडी लिहिलंय. म्हातारबा काउंटरवर हात टेकवून म्हणतात, "काहो भाऊ, त्या डॉक्टरनं आत्ताच मले बिडी सोड म्हणून दटावलं, आन् कागदावर त्यानंच बिडी लिहून देल्ली, हे कसं बाप्पा?" दुकानातले सगळे हसले, मीही हसलो, पण पोराचं काही चुकलं नव्हतं. अक्षरं त्यानं बरोबर वाचली होती, फक्त ती भाषा ना शाळेत शिकवतात ना घरी बोलतात.

ती भाषा म्हणजे लॅटिन. बीडी म्हणजे बिस दिए, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तेर दिए सुमेंदुम, दिवसातून तीनदा घ्यायचं (पगारातून कापतात तो टीडीएस वेगळा, आमच्या एका गुरुजींना चिठ्ठीत तो दिसला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता, म्हणे इथंही कापला का). क्यूआयडी म्हणजे चारदा. एसी म्हणजे आंते सिबुम, जेवणाआधी, पीसी म्हणजे पोस्ट सिबुम, जेवणानंतर. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. स्टॅट म्हणजे स्टातिम, आत्ताच्या आत्ता. अन् एसओएस म्हणजे सी ओपुस सित, गरज पडली तर. या एसओएसनं लय लोकांचं रक्त आटवलंय, कारण मोबाईलवर एसओएस म्हणजे संकटाचं बटन, मग तापाच्या गोळीपुढे एसओएस दिसलं की पोरगा घाबरून विचारतो की बाबाचं काही सिरियस आहे का. जहाजांचा तो एसओएस १९०६ च्या बर्लिनच्या करारात ठरला, तो नुसता मोर्सच्या टिकटिकीचा इशारा आहे, त्या अक्षरांना अर्थच नाही. चिठ्ठीतल्याला आहे, अन् तो बिचारा अगदी साधा आहे, ताप आला तर घे, नाही आला तर नको घेऊ.

तशी ही लॅटिन आपल्याला वाटते तितकी परकी पण नाही. शाळेतलं संस्कृत थोडं आठवून पाहा, बिस म्हणजे द्विः, तेर म्हणजे त्रिः, क्वातेर म्हणजे चतुः, दिए म्हणजे आपला दिवस, नोक्ते म्हणजे नक्त म्हणजे रात्र, अन् सोम्नी म्हणजे चक्क स्वप्न. सगळी एकाच खानदानातली चुलत भावंडं. आपल्या वैद्यांकडेही औषध घ्यायच्या वेळांची नावं ठरलेली होतीच, जेवणाआधीचं ते प्राग्भक्त, जेवणानंतरचं अधोभक्त, पुन्हा पुन्हा घ्यायचं ते मुहुर्मुहु, झोपताना घ्यायचं ते निशि. म्हणजे एसी, पीसी, एचएस हा हिशोब आपल्याकडे नवा नव्हता, नवी होती ती अक्षरं.

आता ती अक्षरं इथं आली कशी, तर त्यासाठी आधी विलायतेत जावं लागतं. युरोपात कित्येक शतकं शिकलेल्या माणसाची भाषा लॅटिनच होती, डॉक्टर इटलीतला असो की इंग्लंडमधला, पुस्तकं तीच. लंडनच्या डॉक्टरांच्या कॉलेजानं १६१८ साली औषधांचं अधिकृत पुस्तक काढलं तेही लॅटिनमध्ये. मग १६४९ मध्ये निकोलस कल्पेपर नावाच्या माणसानं ते कॉलेजाला न विचारता सरळ इंग्रजीत आणलं, की गोरगरिबालाही कळू द्या कशात काय घालतात. कॉलेजवाले भयंकर चिडले. चिडणारच, दुकानाची चावी कोणी रस्त्यावर ठेवली तर मालक काय टाळ्या वाजवेल? पुढे १८६४ ला ब्रिटिश फार्माकोपिया, म्हणजे तसंच औषधांचं अधिकृत पुस्तक, निघालं ते इंग्रजीत निघालं, पण चिठ्ठी लिहायची सवय मात्र लॅटिनचीच राहिली, कारण दोन अक्षरांत काम होत होतं अन् समोरच्या औषधवाल्याला ते कळत होतं.

चिठ्ठीच्या डोक्यावर जो आर असतो पाय कापलेला, ज्याला सगळे आरएक्स म्हणतात, त्याच्याबद्दल इंटरनेटवर कायच्या काय गोष्टी फिरतात, कोणी म्हणतं गुरू ग्रहाची खूण, कोणी म्हणतं इजिप्तच्या देवाचा डोळा. सरळ गोष्ट अशी की तो रेसिपे या लॅटिन शब्दाचा शॉर्टकट आहे अन् रेसिपे म्हणजे 'घे'. हो, यूट्यूबवर पनीरची जी रेसिपी पाहता ना, शब्द तोच. पण हे 'घे' पेशंटला म्हटलेलं नाही बरं का! ते औषध बनवणाऱ्याला म्हटलेलं आहे, की बाबा अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, मिसळ. त्याखाली एक शब्द यायचा, सिग, म्हणजे खूण कर, लेबलवर लिही. डॉक्टरनं पुढे लॅटिनमध्ये टीडीएस लिहायचं अन् औषधवाल्यानं ते पेशंटच्या भाषेत करून बाटलीवर लावायचं. म्हणजे मूळ पद्धतीत मधे एक दुभाषी धरलेलाच होता. माझं सगळं म्हणणं या दुभाष्याबद्दलच आहे, कारण माझे आबाजी तेच काम करायचे.

कलकत्ता अन् मद्रासला मेडिकल कॉलेज निघालं १८३५ ला, मुंबईचं ग्रँट मेडिकल १८४५ ला, अन् शिकवणारे विलायतेचे म्हणून चिठ्ठीही विलायतेची आली. आपल्या विदर्भात बराच काळ नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून शिकलेले एलएमपी, म्हणजे पदवी नाही पण परवाना असलेले, डॉक्टर असायचे, मोठं मेडिकल कॉलेज नागपुरात १९४७ ला झालं अन् सेवाग्रामचं १९६९ ला, ते खास खेड्यासाठी म्हणून. आबाजी अशाच एका एलएमपी डॉक्टरकडे कंपाउंडर होते. आबाजींचं शिक्षण व्हर्नाक्युलर सातवी, इंग्रजी जेमतेम, पण कागदावर 'एम. एफटी. मिस्ट.' दिसलं की त्यांचा हात आपोआप बरण्यांकडे जायचा, कारण मिसळून मिक्श्चर कर असा त्याचा अर्थ हे पाठ होतं. मिस्ट. कार्मिनेटिव्ह म्हणजे पोटातल्या गॅसचं, मिस्ट. अल्बा म्हणजे पांढरं जुलाबाचं, पल्व. म्हणजे पुडी, रेप. म्हणजे मागचंच पुन्हा दे. पेशंट घरूनच रिकामी बाटली घेऊन यायचा, कधी तेलाची, कधी भलत्याच कशाची, ती आबाजी आधी खळखळून धुवायचे.

अन् मग ती पट्टी. कागदाची लांब पट्टी घडी घालून कात्रीनं एका बाजूनं खाचा पाडायच्या, उलगडली की सारख्या अंतरावर दात, ती बाटलीला डिंकानं चिकटवायची. एक दात म्हणजे एक डोस. सकाळी एक दात, दुपारी एक, दिवा लावायच्या वेळी एक, इतकंच आबाजी तोंडी सांगायचे, अन् कधी न शाळेत गेलेली बाईसुद्धा ते औषध बिनचूक पाजायची. ती लॅटिन डॉक्टरच्या टेबलापासून आबाजींच्या खिडकीपर्यंत दहा पावलं चालायची अन् तिथंच संपायची, बऱ्याचदा पेशंटच्या हातात कागद जायचाच नाही.

१९४८ चा फार्मसी कायदा आला, त्यात कमीत कमी पाच वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेल्या जुन्या माणसांना पहिल्या रजिस्टरात घ्यायची सोय होती, पण पुढं नव्या माणसाला शिक्षण पाहिजे झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारखान्याच्या गोळ्या आल्या, पत्र्यात, मग पट्ट्यात, अन् मिक्श्चर मागे पडलं. डॉक्टर इकडे, मेडिकल तिकडे बसस्टँडपाशी, मधे पेशंट कागद घेऊन फिरतोय. दोघांमधली जी खासगी भाषा होती ती आता तिसऱ्याच्या हातात आली अन् त्याला ती समजावून सांगायचं काम कोणाचं हे कोणी ठरवलंच नाही. मी डी. फार्म. आहे, माझं आहे म्हणा, पण बाजाराच्या दिवशी समोर चाळीस माणसं उभी असताना किती सांगणार अन् त्यांच्या किती लक्षात राहणार.

जुन्याची एक खूण अजून रोज माझ्या हातातून जाते. तापाची गोळी साडेसहाशेचीच का, सहाशे किंवा सातशेची का नाही, असं कधी वाटलं का? जुन्या औषधवाल्यांचं वजन ग्रेनमध्ये असायचं, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, मग दहा ग्रेन म्हणजे ६५०. अमेरिकेत अ‍ॅस्पिरिनची गोळी ३२५ ची असते ती पाच ग्रेन. इंग्रजांनी १८३३ ला तोळाही १८० ग्रेनचाच ठरवला होता, म्हणजे सोनार अन् कंपाउंडर दोघंही एकाच मापाचे.

आजकाल बरेच डॉक्टर १-०-१ असं लिहितात, सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. मला हे लॅटिनपेक्षा शंभर पटीनं बरं वाटतं, अंगठेबहाद्दर माणसालाही दोन मिनिटांत शिकवता येतं. फक्त मधल्या रेघा घाईत पुसट झाल्या की ते एकशे एक दिसतं.

लॅटिनमध्ये मात्र खड्डे खरंच आहेत. ओडी घ्या. आपल्याकडे अन् इंग्लंडात ओडी म्हणजे ओम्नी दिए, रोज एकदा. पण डोळ्याच्या डॉक्टरकडे ओडी म्हणजे ओकुलुस डेक्स्टर, उजवा डोळा, अन् ओएस म्हणजे डावा. आता ड्रॉपच्या चिठ्ठीवर नुसतं ओडी असेल तर दिवसातून एकदा दोन्ही डोळ्यांत की उजव्यात चारदा? मी अशा वेळी सरळ फोन लावतो, शिव्या खाल्ल्या तरी चालतील. अमेरिकेत ओडी उजव्या डोळ्यासाठी ठेवून रोज एकदासाठी क्यूडी लिहायचे, त्यातही क्यूओडी म्हणजे एक दिवसाआड, एका अक्षराचा फरक अन् औषध दुप्पट किंवा अर्धं. शेवटी तिथल्या दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं २००४ ला यादीच काढली, हे हे लिहायचं नाही म्हणून, त्यात क्यूडी, क्यूओडी आले अन् युनिटसाठीचा यू पण आला. यू का, तर इन्सुलिन १० यू असं घाईत लिहिलं की यू शून्यासारखा दिसतो अन् १० चे १०० होतात. सांध्याच्या आजाराची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती कोणी रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्या पाकिटावर मी मोठ्या अक्षरात वाराचं नाव लिहितो, रविवार म्हणजे रविवार.

कायद्यानं काहीच केलं नाही असं नाही. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियम बदलून सांगितलं की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं अन् शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. २०१८ ला अलाहाबाद हायकोर्टानं तिघा डॉक्टरांना अक्षरासाठी पाच-पाच हजारांचा दंड केला, ते जखमांचे रिपोर्ट होते, चिठ्ठ्या नव्हत्या, पण वाचता येत नव्हते एवढं खरं. पण याच्यात गोम अशी आहे की सगळा जोर अक्षरावर आहे. टीडीएस कितीही सुंदर कॅपिटलमध्ये काढा, बाजाराला आलेल्या माणसाला ते टीडीएसच.

बिनअक्षरी चिठ्ठी काय असते ते पाहायचं असेल तर कुष्ठरोगाच्या औषधाचं पाकीट पाहा, आपल्या वर्धा-चंद्रपूरकडच्या जुन्या माणसांनी पाहिलं असेल. एमडीटीचं, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायचं पाकीट, २८ दिवसांचं, मोठ्यांचं लाल नाहीतर हिरवं असायचं, पहिल्या दिवसाचा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा अन् मग रोजचा रोज एकेक खण फोडत जायचं. खण संपले की महिना संपला. आबाजींची दातांची पट्टी अन् हे पाकीट, डोकं एकच.

मीही पाकिटावर चित्रं काढतो. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्रकोर. जेवणानंतरचं असेल तर बाजूला ताट. बरेच वर्षं चाललं, मला वाटायचं याच्यात चुकायला जागाच नाही. मग एकदा शेजारच्या गावची मावशी आली, डोळे लाल, म्हणते, "भाऊ, तुह्या गोईपायी चार दिस झाले डोळ्याले डोळा नाही. चांद निंगेपर्यंत बसून रायतो आन् मंग घेतो." पौर्णिमा होऊन गेलेली, चंद्र रोज उशिरा उगवत चाललेला, अन् ही माउली चतुर्थी सोडायला बसावं तशी अंगणात गोळी घेऊन बसायची. डॉक्टरनं एचएस लिहिलं होतं, झोपायच्या वेळी.

आता मी चंद्राच्या जागी खाट काढतो.