डेक हलका, होडी डळमळीत

वर्सोवा, मढ, वरळीच्या कोळीवाड्यांत लाकडी आणि फायबरच्या होड्या पुष्कळ; ॲल्युमिनियमची होडी तिथे अजून पाहुणीच. पण मनोरीच्या खाडीत गळ टाकायला जाणाऱ्या हौशी माणसाला तिचा मोह पडतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे होडी वाहून न्यायला सोपी. अडचण एवढीच की आत धड उभं राहायला सपाट जागा नसते. मग डेक बसवायचं ठरतं आणि सगळी चर्चा किलोंवर येऊन अडकते.

माझ्या मते ही काळजी चुकीच्या ठिकाणी केली जाते. १४ फुटी सपाट तळाच्या होडीने पाण्यावर साडेचार चौरस मीटर जागा व्यापली आहे असं धरा. ती एक सेंटिमीटर खाली बसायला सुमारे ४६ किलो लागतात. म्हणजे महागडं साहित्य आणून डेकमधले १० किलो वाचवले, तर होडी जेमतेम २ मिलिमीटर वर येईल.

आता उंची बघा. होडी, इंजिन आणि डेक मिळून १३५ किलो, शिवाय ७० किलोंची दोन माणसं. तळावर उभी असलेली ही माणसं ३० सेंटिमीटर उंच डेकवर चढली, की सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे १५ सेंटिमीटर वर सरकतो. मासा लागला आणि दोघंही एकाच कडेला झुकले, की याचा अर्थ कळतो: गुरुत्वमध्य जितका वर, तितकी होडी सहज कलते. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उंच चौथरा रुबाबदार दिसतो खरा, पण होडी तिथेच निमुळती होते आणि आधारही तिथेच कमी. डेक जमेल तितका खाली ठेवावा.

साहित्य निवडताना एक गंमत होते. २ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि ९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, दोन्हींचं वजन चौरस मीटरला साडेपाच किलोंच्या आसपास. धातू तो धातू, म्हणून पत्राच ताठ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात प्लाय अंदाजे दहापट कमी वाकतो. पदार्थ म्हणून ॲल्युमिनियम आठ-नऊपट ताठ असलं, तरी वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि इथे जाडी साडेचारपट आहे. म्हणून पत्रा वापरायचा तर खाली अँगलच्या पट्ट्या हव्यातच. दोन पातळ पत्र्यांमध्ये घट्ट फोम चिकटवलेलं पॅनेल याहून सरस. जाडी वाढते, वजन फारसं वाढत नाही. इमारतींच्या दर्शनी भागावर लावतात ती एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट दिसायला तशीच, पण ती पायाखाली घेण्यासाठी बनवलेली नाही.

डेकखालच्या पोकळीत शिरलेलं पाणी मात्र खरंच वजनदार. चार चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं की झाले ४० किलो, आणि होडी कलली की ते धावतं नेमकं खालच्या बाजूला. वाचवलेले १० किलो असे एका सरीत चौपटीने परत येतात. म्हणून पाण्याला मागच्या बाजूला वाहायला वाट हवी आणि हात घालून बघता येईल असं झाकणही. पोकळी थर्माकोलने भरू नये. त्यावर पेट्रोल सांडलं तर ते विरघळतं.

राहिला गंज. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. ओला प्लाय किंवा भिजलेला गालिचा त्याला सतत चिकटून राहिला, तर ऑक्सिजनअभावी तो थर भरून निघत नाही आणि पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड त्याहून घातक: खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून विद्युतघट बनतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचे बोल्ट चालतात, पण प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर आणि भोकात सीलंट हवं. वायरिंग करून झालं की तारेचे तुकडेही वेचून काढावेत. तळाशी खाऱ्या पाण्यात पडून राहिलेला तांब्याचा एक तुकडा पत्र्याला आरपार भोक पाडू शकतो, आणि वर डेक असल्यामुळे ते दिसतही नाही.