रिपोर्ट नॉर्मल, म्हणून आजारच नाही?

‘रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तर थकवा मनाचाच’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण टिकत नाही.

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), फेरिटिन (लोहाचा साठा), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या थकव्याची इतर कारणं शोधतात. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार, त्यांत दिसतच नाही. त्याचा खात्रीचा बायोमार्कर, म्हणजे तपासणीत आजार ओळखून देणारी खूण, अजून हाती लागलेला नाही. रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्तात फरक सापडतात, हे खरं. पण असे काही फरक नुसतं अंथरुणात पडून राहिल्यानेही पडतात. त्यामुळे नव्या चाचणीची बातमी आली की आधी एवढंच पाहा: दुसऱ्या आजारांनी थकलेल्यांशीही तुलना केली होती का?

निदान होतं ते लक्षणांवरून. किमान ६ महिने कामाची ताकद ठळकपणे घटलेली, झोपूनही शीण न जाणं, श्रमांनंतर प्रकृती ढासळणं; जोडीला विचारांत गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास. ढासळणं अनेकदा १२ ते ४८ तासांनी येतं, म्हणून श्रमांशी संबंध चटकन लक्षात येत नाही. दोन-तीन आठवडे वेळेसकट नोंदी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. खात्री करायला म्हणून मुद्दाम दमू मात्र नका.