एकाच वॉर्डातले दोन सायकॉलॉजिस्ट

हातून गंभीर गुन्हा घडला, पण मानसिक आजार पाहून कोर्टाने तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवलं, अशांसाठी इंग्लंडमध्ये बंदोबस्तातली रुग्णालयं आहेत. सगळ्यात कडक बंदोबस्ताची तीन: १८६३ साली सुरू झालेलं ब्रॉडमूर, शिवाय रॅम्पटन आणि ॲशवर्थ. तिथला सायकॉलॉजिस्ट म्हटलं की डोळ्यांसमोर फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्टच येतो. हेल्थ सायकॉलॉजिस्ट म्हणजे डाएट सांगणारा कुणीतरी, अशी समजूत. खरं तर तिथे दोन्ही पदनामं कायद्याने राखीव आहेत, नोंदणीशिवाय लावता येत नाहीत.

फॉरेन्सिकवाल्याचं काम चटकन सांगून होतं. गुन्हा का घडला, पुन्हा घडेल का, घडू नये म्हणून काय करायचं. एचसीआर-२० ही धोका जोखायची वीस मुद्द्यांची यादी हे त्याचं नेहमीचं साधन: १० मुद्दे भूतकाळाचे, ५ आजच्या मनःस्थितीचे, ५ पुढच्या व्यवस्थेचे. नजर मुख्यतः एकाच गोष्टीवर, या माणसापासून दुसऱ्याला धोका किती.

हेल्थ सायकॉलॉजिस्ट विचारतो, या माणसाच्या स्वतःच्या जिवाला धोका कशाचा? तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १५ ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे विकार अशा आजारांनी.

समजा, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेला चाळिशीतला रुग्ण आहे. वजन सुटलंय, साखर वाढलीय, आणि गडी रोज दोन लिटरची कोलाची बाटली संपवतो. नर्सने दहादा बजावलं, तक्ता भिंतीवर लावला. काही उपयोग नाही, कारण साखर वाईट हे त्याला आधीच ठाऊक आहे. हेल्थ सायकॉलॉजिस्ट बसून विचारतो, पहिला ग्लास किती वाजता? सकाळी उठल्या उठल्या. गोळीची ग्लानी दुपारपर्यंत उतरत नाही, कोलाने जरा तरतरी येते. म्हणजे गाठ गोडाची नाही, झोपेची. मग डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलता येते का ते पाहायचं. शिवाय कोलातल्या कॅफिनने क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते, त्यामुळे कोला एकदम तोडूनही चालत नाही. हेच औषध जीवघेणी बद्धकोष्ठताही करू शकतं. तेव्हा शौचाला कधी झालं हेही लाज न बाळगता बोलता यावं, इतका विश्वास कमवावा लागतो. फॉरेन्सिक अहवालात या गोष्टींना सहसा जागा नसते.

सिगारेटपाशी मात्र दोघांच्या हद्दी मिसळतात. आत धूम्रपानबंदी असते. सिगारेटचा धूर यकृतातल्या एका एन्झाइमला जोर देतो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून क्लोझापिन लवकर निघून जातं. सिगारेट सुटली की तोच डोस जड होतो. निकोटिनचा पॅच लावूनही हे टळत नाही, कारण हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. उलट रजेवर, म्हणजे परवानगीने काही वेळ बाहेर पडून, रुग्ण पुन्हा ओढायला लागला तर औषधाची पातळी घसरते आणि आजारात ऐकू येणारे भासाचे आवाज परतू शकतात. मग फुप्फुसांचा प्रश्न एकाएकी सुरक्षेचा होतो.

अडचणही इथूनच सुरू होते. रजेवर सिगारेट ओढली हे रुग्णाने हेल्थ सायकॉलॉजिस्टला सांगितलं, तर ते संपूर्ण टीमपुढे जाऊ शकतं आणि पुढची रजा हुकू शकते. रुग्णाला हे पक्कं माहीत असतं. सवयी बदलायच्या तर खरं बोलायला हवं, आणि सुटायचं तर जपून. माझ्या मते काय लपवता येणार नाही हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगणाऱ्याला जास्त ऐकायला मिळतं. गोड बोलून काढून घेणाऱ्याला दुसऱ्या वेळी कुणी काही सांगत नाही.

दुसऱ्या बाजूनेही दोघं सायकॉलॉजिस्ट एकमेकांना बांधलेले. 'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला फुकटचा वाटतो. पण १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली कोर्टाचा निर्बंध आदेश (रिस्ट्रिक्शन ऑर्डर) असलेल्या रुग्णाला रुग्णालयाच्या आवाराबाहेर पाऊल टाकायला न्यायमंत्र्यांच्या खात्याची संमती लागते, आणि तिथे धोक्याचा अंदाज बघितला जातो. तो अनुकूल येईपर्यंत चालणं भिंतीआडच्या अंगणात, तेही सोबतीला कर्मचारी मोकळा असेल तेव्हा.