बोली तेवढीच, मग क्लिक महाग का पडतंय?

महिनाअखेर जाहिरातींचा रिपोर्ट गेला की ग्राहकांचा हा फोन येतोच, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. (बोली म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती पैसे द्यायची तयारी.)

गूगल अ‍ॅड्समध्ये जो जास्त पैसे लावेल तो वर, असं सरळ नसतं. प्रत्येक सर्चला लिलाव होतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा आणि ती जिथे नेते त्या पेजचा दर्जाही धरतात. ढोबळ हिशोब बघा, समोरच्याची बोली 12 आणि दर्जा 7 म्हणजे झाले 84, तुमची बोली 20 पण दर्जा 4 म्हणजे 80, जास्त लावूनही तुम्हीच खाली. म्हणजे दर्जा घसरला की त्याच जागेसाठी क्लिकमागे जास्त मोजावं लागतं. (खऱ्या लिलावात अजून बरंच काही येतं, पण मुद्दा कळायला एवढं पुरे.) अकाउंटमध्ये कीवर्डसमोर (ज्या शब्दांच्या सर्चवर जाहिरात दाखवायची ते) 1 ते 10 असा क्वालिटी स्कोअर दिसतो, तो बनतो तीन गोष्टींवर: क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात सर्चशी किती जुळते आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पेजचा, अनुभव. पहिल्या दोन आम्ही बघतो, तिसरी बहुतेक वेळा तुमच्या वेबसाइटवाल्याच्या हातात असते.

आणि घोळ तिथेच होतो. कॅम्पेन सुरळीत चालू असताना पेज बदललं जातं आणि आम्हाला कुणी सांगत नाही! एका ग्राहकाची जाहिरात पाण्याच्या टाकीच्या सफाईची होती, पेज उघडलं की वर तेच हेडिंग, खाली फोन नंबर आणि छोटा फॉर्म, बस. मग साइट नवीन केली आणि जुनी लिंक होम पेजकडे वळवली, तिथे वर फिरता स्लायडर, मग 'आमच्याविषयी', टाकी सफाई पार तळाला आणि या सगळ्यावर एक पॉपअप. मोबाइलवर माणूस दोनदा अंगठा सरकवतो आणि मागे जातो, त्या क्लिकचे पैसे मात्र कापले जातातच. वर फॉर्मनंतरचं 'धन्यवाद' पेजही उडालं, चौकशा त्यावरूनच मोजत होतो, त्यामुळे तेही बंद. आम्ही दोन दिवस कीवर्ड आणि बोली उकरत बसलो, दुखणं भलतीकडेच.

प्रत्येक सेवेला वेगळं पेज मागतो तेव्हा काहींना ते बिल वाढवायचं निमित्त वाटतं. तसं नाहीये, लोक तुमच्या नावानेच शोधत असतील तर होम पेज मस्त चालतं, तिथे वेगळं पेज आम्ही स्वतःहून नको म्हणतो. पेज आमच्याकडूनच करून घ्या असंही नाही.

पेज उघडायचा स्पीड गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर फुकट बघता येतो, मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं, नसेल तर आधी फोटो बघा, बऱ्याचदा कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले असतात.

पेजला हात लावायच्या आधी एक व्हॉट्सअ‍ॅप टाका, जुनी लिंक आणि नवी लिंक, एवढंच. चालू कॅम्पेनचं नवं पेज आम्ही फीमध्येच तपासून देतो, वेगळे पैसे नाहीत.