पट्टा आवळला, तरी फोन उड्या का मारतो?

धावायला सुरुवात केली की पहिल्या शंभर पावलांतच कळतं, आज फोन-किल्ल्या ठेवायचा कमरेचा पट्टा छळणार की नाही. फोन पोटावर थपथप आपटायला लागतो, किल्ल्या पावलागणिक वाजतात आणि हात आपसूक कमरेकडे जातो. थांबायचं, पट्टा बोटभर आवळायचा, पुन्हा पळायचं. मी हे कित्येक वर्षं इमानेइतबारे केलं. दहा मिनिटांनी फोन उसळायचा तो उसळायचाच, वर घरी आल्यावर कमरेला लाल वळ. आवळण्यातच काहीतरी चुकतंय, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

चालताना एक तरी पाय सतत जमिनीवर असतो. पळताना मात्र दर पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. त्या क्षणी तुम्ही आणि तुमचा फोन दोघंही मोकळे पडत असता, त्यामुळे पट्ट्याला फोनचं वजन जाणवतच नाही. पाय टेकला की जमीन शरीराला वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं वर ढकलते, आणि २०० ग्रॅमचा फोन पट्ट्याला चारशे, कधी सहाशे ग्रॅमचा वाटतो. शून्य, मग अर्धा किलो, पुन्हा शून्य. मिनिटाला १६० ते १८० पावलं धरली तर तासाभरात हे दहा हजार वेळा होतं. कंबर दर पावलाला सहा ते दहा सेंटीमीटर वर-खाली होत असते, ते वेगळंच.

अर्धा किलो म्हणजे काही फार नाही. खरी गोम वजनात नाही, तालात आहे. ताणणारं कापड आणि त्यात अडकवलेला फोन मिळून एक स्प्रिंग तयार होते, आणि प्रत्येक स्प्रिंगचा स्वतःचा एक ठेका असतो. तो काढायला फॉर्म्युल्यात शिरायची गरज नाही. फोन ठेवल्यावर पट्टा किती लोंबतो, एवढं मोजलं की पुरे. तीन सेंटीमीटर लोंबला, तर त्याचा ठेका मिनिटाला साधारण १७३ हेलकाव्यांचा निघतो. पळणाऱ्याच्या पावलांचाही ठेका जवळजवळ हाच! झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो जसा चढत जातो, तसा प्रत्येक पाऊल फोनला आणखी वर उडवतं. तोच पट्टा अर्धा सेंटीमीटर लोंबला तर ठेका ४२० च्या घरात जातो. मग पावलं आणि फोन यांचं जमत नाही आणि फोन मुकाट्यानं कमरेबरोबर वर-खाली होतो. प्रत्यक्षातलं कापड पुस्तकातल्या स्प्रिंगसारखं नीट वागत नाही, हे खरं. पण चांगला-वाईट पट्टा निवडायला एवढा हिशेब भरपूर झाला. रिकामा पट्टा बांधा, खालच्या कडेशी खूण करा, फोन घाला आणि कड किती खाली आली ते मोजपट्टीनं बघा. दुकानातही करता येतं, लोक थोडे बघतात एवढंच.

आता आवळण्याकडे येऊ. समजा, एक किलोचं वजन टांगल्यावर दोरीत जेवढा ताण येतो, तेवढ्या ताणानं पट्टा बांधला. अडीच सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कमरेच्या बाजूंना, जिथे वळण जास्त असतं तिथे, रक्तदाबाच्या मापात सुमारे २३ मिलिमीटर दाब देतो. पट्टा तिप्पट रुंद असेल तर त्याच ताणाला दाब आठच्या खाली येतो. अरुंद इलॅस्टिक काचतं आणि रुंद पट्टा अंगावर असल्याचं विसरायला होतं, ते यामुळे.

पण यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. दाब वळणावर अवलंबून असतो. जिथे वळण जास्त तिथे दाब जास्त, जिथे अंग सपाट तिथे कमी. कंबर काही गोल नळकांडं नव्हे, ती चपटी आहे. म्हणजे पट्टा आवळला की तो दोन्ही बाजूंच्या हाडांवर रुततो, आणि फोन असतो सपाट पोटावर, जिथे पकड सगळ्यात कमी! वर्षानुवर्षं मी फोनसाठी पट्टा आवळत होतो आणि शिक्षा हाडांना देत होतो.

घर्षणाचा हिशेब तर याहून गमतीचा. पट्टा अंगाला सगळीकडून मिळून जितका दाबतो, तो जोर ताणाच्या सहा पटींहून थोडा जास्त भरतो, पट्टा रुंद असो वा अरुंद. घर्षण बेताचंच धरलं, तरी वरच्या उदाहरणातला पट्टा दोनेक किलोचा भार घसरू न देता पेलू शकतो. आपल्याला हवा आहे जेमतेम अर्धा किलो. मग घसरतो का? कारण पूर्ण पट्टा कामाला लागतच नाही. पट्टीला लोंबणारी पिशवी असेल तर सगळा भार वीतभर जागेवर येतो. तेवढं कापड खाली खेचलं जातं, बाकीचा पट्टा नुसता बघत बसतो. म्हणून कापड आडवं ताणलं जायला हवं, म्हणजे कंबरेला बेतानं धरेल; आणि उभं शक्य तितकं ताठ हवं, म्हणजे भार शेजारच्या कापडाला वाटून देईल. दोन्ही हातांनी आधी आडवं आणि मग उभं ओढून बघा. दोन्हीकडे सारखंच लवलवतं असेल तर तो पट्टा तिथेच ठेवा. बकल नसलेले, पायांतून वर चढवायचे, भोवताली खिसे असलेले नळीसारखे पट्टे मला यामुळेच उजवे वाटतात. त्यात फोन लोंबत नाही, कापडच त्याला अंगाशी दाबून धरतं.

हे शक्य झालं ते इलास्टेन नावाच्या धाग्यामुळे. ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तो तयार केला. मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही तो जागेवर परत येतो. त्याच्या जोडीला नायलॉन किंवा पॉलिएस्टर असतं. नायलॉन साधारण हवेतला ओलावा वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास शोषतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजलेलं नायलॉन सैलावतं, म्हणून कोरडा असताना छान बसलेला पट्टा पाऊण तासानं ओघळू लागतो. आतल्या बाजूच्या सिलिकॉनच्या ठिपक्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शर्टावर ते ठीक, पण उघड्या घामट कातडीवर सोलवटून काढतात.

फोन पाठीच्या खोलगट भागात ठेवावा. शरीराचा गुरुत्वमध्य तिथून फार लांब नसतो, आणि मांडी उचलताना आडवं काही येत नाही. वजनाचीही धास्ती नको. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढवले तर पळण्याची ऊर्जा साधारण एक टक्क्यानं वाढते. साठ किलोच्या माणसानं दोन्ही बुटांत मिळून जेवढे वाढले तेवढेच, म्हणजे २०० ग्रॅम, कमरेला बांधले तर एक तृतीयांश टक्का.

पाण्याचं मात्र वेगळं. आठ सेंटीमीटर रुंदीच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत पाणी सेकंदाला जवळजवळ तीनदा हिंदकळतं, म्हणजे पुन्हा तोच पावलांचा ठेका. (चालताना कपातली कॉफी का सांडते, यावरच्या संशोधनाला २०१२ मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक, मिळालं होतं, मामला तोच.) पिताना आक्रसत जाणारी मऊ बाटली घेतली की आत हवा उरत नाही आणि डचमळणं संपतं.

इलास्टेन उष्णतेनं हळूहळू मरतं, त्यामुळे पट्टा गार पाण्यात धुवावा आणि मधूनमधून मोजपट्टी लावावी. माझा पट्टा नवा असताना चार मिलिमीटर लोंबायचा. गेल्या महिन्यात मोजलं तेव्हा सव्वा सेंटीमीटर भरला. म्हणजे मिनिटाला २७० च्या आसपास. अजून चालेल.