एरर ट्रॅकिंग आणि ट्रेसिंगच्या जोडणीची चाचणी

सॉफ्टवेअर चालू असताना कुठे काय फुटलं ते स्टॅक ट्रेससकट (फुटलं तेव्हा कुठली फंक्शन्स चालू होती त्याची यादी) गोळा करणं म्हणजे एरर ट्रॅकिंग, आणि एक रिक्वेस्ट कुठल्या कुठल्या सर्व्हिसमधून गेली, कुठे किती वेळ अडकली याचा माग ठेवणं म्हणजे ट्रेसिंग. एररवर क्लिक केलं की त्याच रिक्वेस्टचा ट्रेस उघडतो का, हे मुद्दाम एरर घडवून बघायचं, ती ही चाचणी. पुण्यात हिंजवडी, खराडी, बाणेरच्या टीम्समध्ये हे काम कधी क्यूएकडे (टेस्टिंगवाल्यांकडे) असतं, कधी बॅकएंडवाल्यांकडे, आणि फीचरच्या घाईत ते सगळ्यात आधी मागे पडतं.

ॲप बिघडलं तर ग्राहक लगेच फोन करतो, पण मॉनिटरिंग बिघडलं तर कुणीच ओरडत नाही. डॅशबोर्ड कोरा दिसतो, आणि एरर झालेलीच नाही की झाली पण पोचली नाही, हे त्या कोऱ्या स्क्रीनवरून कळायला काही मार्ग नाही. म्हणून ही जोडणी एकदा बसवून सोडून द्यायची नसते, ती ॲपच्या कोडसारखीच टेस्ट करायची असते.

थोडा इतिहास. सेंट्री या एरर ट्रॅकरची सुरुवात २००८ मध्ये जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या एका छोट्या प्लगइनपासून झाली. ट्रेसिंगमध्ये गूगलने आपल्या डॅपर सिस्टीमवरचा पेपर २०१० मध्ये काढला, ट्विटरने झिपकिन २०१२ मध्ये खुलं केलं, उबरने येगर २०१७ मध्ये. रिक्वेस्टसोबत ट्रेसची माहिती नेणारे हेडर प्रत्येकाचे वेगळे. मग २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन खुले प्रकल्प एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री झालं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ट्रेस कॉन्टेक्स्टचं स्टँडर्ड पक्कं केलं. त्यातल्या ट्रेसपॅरेंट हेडरमध्ये व्हर्जन, ३२ हेक्स अक्षरांचा ट्रेस आयडी, १६ अक्षरांचा पॅरेंट आयडी (आधीच्या टप्प्याचा) आणि शेवटी २ अक्षरांचे फ्लॅग (ट्रेस साठवण्यासाठी निवडलाय का, अशा खुणा) असतात. जुनी सर्व्हिस झिपकिनचे बीथ्री हेडर पाठवत असेल आणि नवी फक्त ट्रेसपॅरेंट वाचत असेल तर ट्रेस तिथेच तुटतो, एकही एरर न दाखवता.

समजा कोथरूडमधल्या एकीने गणेश चतुर्थीसाठी उकडीच्या मोदकांची ऑर्डर टाकली. रिक्वेस्ट ऑर्डर सर्व्हिसकडे गेली, तिथून पेमेंटला, मग काफ्का या मेसेज सिस्टीमच्या क्यूमधून डिलिव्हरीच्या वर्करकडे (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे), आणि पिनकोड रिकामा होता म्हणून वर्कर फुटला. एरर ट्रॅकरमध्ये वर्करचा स्टॅक ट्रेस व्यवस्थित आला, पण ट्रेस आयडी नवाच, कारण क्यूमध्ये मेसेज टाकताना ट्रेसचा कॉन्टेक्स्ट त्याच्या हेडरमध्ये घातलाच नव्हता. आता ऑन-कॉलवाल्याला (बिघाड बघायची पाळी असलेल्याला) ही ऑर्डर कोणाची, पेमेंट झालंय की नाही, काहीच कळत नाही. याची टेस्ट सोपी आहे: आपणच ठरवलेला ट्रेस आयडी लावून रिकाम्या पिनकोडची ऑर्डर पाठवायची, मग एरर ट्रॅकरमध्ये आणि ट्रेसच्या साठ्यात दोन्हीकडे तोच आयडी सापडतो का, वर्करच्या स्पॅनचा (ट्रेसमधल्या त्याच्या टप्प्याचा) पॅरेंट बरोबर आहे का आणि त्या स्पॅनचं स्टेटस एरर आहे का हे बघायचं. हे शेवटचं सुटतं, कारण ओपनटेलिमेट्रीत स्पॅनवर एक्सेप्शन हाताने नोंदवणं आणि स्टेटस एरर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच एका टेस्टवर द्यावा, क्यू आणि थ्रेड पूल (कामं वाटून घेणारा थ्रेडचा गट) ओलांडणाऱ्या. एसडीके (ट्रेसिंगची लायब्ररी) मॉक करून, म्हणजे तिच्या जागी नकली ठेवून, फंक्शन कॉल झालं का एवढंच बघणाऱ्या टेस्ट शंभर लिहिल्या तरी हेडर वायरवरून गेला का ते कळत नाही. स्पॅन बाहेर न पाठवता मेमरीतच ठेवणारा एक्सपोर्टर स्पॅनची नावं आणि ॲट्रिब्यूट तपासायला चांगला, त्यापुढे नाही. अजून एक, स्पॅन बॅचने जातात, ओपनटेलिमेट्रीत डिफॉल्ट ५ सेकंदांनी, त्यामुळे लगेच बघितलं तर टेस्ट उगाच फेल होते. ठराविक स्लीप न टाकता ठरलेल्या मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावं, आणि लगेच संपणारा जॉब असेल तर बंद होताना फ्लश होतंय का, म्हणजे उरलेले स्पॅन पाठवले जातायत का, तेही बघावं.

सॅम्पलिंग, म्हणजे काहीच ट्रेस निवडून ठेवणं, हा फसवा भाग. स्टेजिंगला (चाचणीच्या सर्व्हरवर) १०० टक्के ट्रेस ठेवतात, प्रॉडला (खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर) समजा १० टक्के, पण एरर मात्र सगळ्या जातात, म्हणजे प्रॉडवर बहुतेक एररची लिंक रिकाम्या पानावर उघडते आणि टेस्ट मात्र हिरव्या. म्हणून सॅम्पल न केलेल्या फ्लॅगनेही रिक्वेस्ट पाठवून बघायची. एरर असलेले ट्रेस हमखास हवे असतील तर टेल सॅम्पलिंग (ट्रेस ठेवायचा की नाही हे तो पूर्ण झाल्यावर ठरवणं) लागतं, आणि त्यात एका ट्रेसचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे (स्पॅन गोळा करणाऱ्या सर्व्हिसकडे) जायला हवेत, नाहीतर निर्णय अर्धवट माहितीवर होतो.

खासगी माहितीबाबत हयगय नको. खोटा १२ अंकी आधार नंबर आणि खोटा मोबाईल नंबर घालून एरर घडवायची आणि साठवलेल्या डेटात तो शोधायचा, एररमध्येही आणि स्पॅनच्या ॲट्रिब्यूटमध्येही, कारण पुसण्याचा नियम बरेचदा एकाच बाजूला लावलेला असतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ग्राहकाचा नंबर तिथे पडून राहणं चूकच आहे.

आपल्याकडे एक टेस्ट जास्तीची लागते: नाव, पत्ता देवनागरीत घालून. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, त्यामुळे बाइट मोजून मेसेज छाटला तर अक्षर मधेच कापलं जातं आणि पुढे तो मेसेज वाचणारा कोड अडखळू शकतो. बॅगेज हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जादा माहिती नेणाऱ्या) असा मजकूर टाकायचा तर पर्सेंट एन्कोडिंग लागतं.

कलेक्टर बंद करूनही बघावं, म्हणजे त्याचा ४३१७ पोर्ट बंद असताना मोदकाची ऑर्डर नेहमीच्या वेगाने पूर्ण झालीच पाहिजे.

डिप्लॉय झाल्यावर प्रॉडवर वेगळा टॅग लावून एक खोटी एरर ठरावीक वेळाने पाठवत राहणं ही चांगली पद्धत आहे. त्या टॅगचा नेहमीचा अलर्ट म्यूट ठेवतात, म्हणजे रात्री कुणाची झोप मोडत नाही, आणि अलर्ट उलटा लावतात, ती एरर वेळेत आली नाही तर वाजणारा.